मुंग्या थांबल्या, पण बरे झाले का?

पेढीवर बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात आणि पाय मोकळा केला की जातात. त्यात चिंतेचे काही नाही. परंतु रात्री अंथरुणावर पडताच तळपायांची आग होणे, टाचण्या टोचणे, कापसावरून चालल्याचा भास होणे, चादरीचा स्पर्शही बोटांना नकोसा वाटणे, हे निराळे. येथे त्वचा धडधाकट असते. तिची वार्ता मेंदूकडे नेणारा मज्जातंतूच बिघडून खोटे निरोप धाडीत असतो. सर्वांत लांब तंतू आधी झिजतात, म्हणून आरंभ बहुधा पायाच्या बोटांपासून होतो.

मधुमेह हे याचे प्रमुख कारण. दुसरे, शाकाहारी घरांनी विशेष ध्यानात घ्यावे असे, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. धान्य, डाळी, भाज्यांत ते जवळजवळ नसते. दूध, दही, ताक एवढाच आधार, आणि काही घरांतून आता दूधही वर्ज्य झाले आहे. त्यातच मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने ब-१२चे शोषण घटते. अशा वेळी दोन्ही कारणे एकाच देहात नांदतात आणि दोष मात्र एकट्या साखरेला दिला जातो. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही: फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी रक्त सुधारते, तंतूंची हानी चालूच राहू शकते. गोळीतील ब-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते. कॅप्सूलचे वेष्टन मात्र जिलेटिनचे असू शकते, ते विचारून घ्यावे.

तेल चोळून दिवस काढणारे पुष्कळ. पुढे एक दिवस मुंग्या थांबतात आणि घरात समाधान पसरते. हे समाधान कित्येकदा फसवे असते, कारण तंतू बरा न होता मुका झालेला असतो. मग वैशाखात मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्यास चटका कळत नाही. फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. मधुमेहात अशीच जखम चिघळून पाऊल गमावण्याची वेळ येते.

तपासणी साधी आहे. 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून आणि 128 कंपनांचा नादकाटा अंगठ्याला लावून संवेदना पाहतात. रक्तातील साखर व ब-१२ मोजतात. या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. डॉक्टर फेफऱ्यावरील किंवा नैराश्यावरील औषध लिहून देतात, ते वाचून रुग्ण बिथरतो आणि परस्पर बंद करतो; वास्तविक तीच औषधे तंतूंचा गोंगाट शमवितात. ब-१२ची उणीव लवकर भरून काढल्यास सुधारणा होते, पण तिला महिने लागतात, आणि उशीर झाल्यास ती अपुरी राहते.

तोवर रोज रात्री तळवे पाहावेत. वाकणे जमत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, किंवा घरातील कोणास पाहावयास सांगावे.