सोन्याच्या भावात मणी नकोत

मैत्रिणींनो, उसाचं बिल आलं की बारामती-इंदापूरच्या सराफाकडे आपली पावलं वळतात. तिथे भिंग मागून दागिन्यावरच्या तीन खुणा बघूया: बीआयएसचा त्रिकोण, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. ९१६ म्हणजे २२ कॅरेट. एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

पण या खुणा सोन्याची शुद्धता सांगतात, खड्यांचं वजन नाही. १२ ग्रॅमच्या मंगळसूत्रात मणी-खडे २ ग्रॅम असतील, तर सोन्याचा भाव १० ग्रॅमलाच द्यायचा. खड्याचा कॅरेट वेगळा; तो वजनाचा, १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. पावतीवर सोनं, खडे, घडणावळ वेगवेगळं लिहून घेऊया. दागिना मोडताना मणी-खडे वजा होतातच. मग घेतानाही ते वजा करायला लावूया.