बोटाला न दिसणारे बटण

ताशी 90 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात किती अंतर कापते? 90,000 मीटरना 3,600 ने भागा. उत्तर येते 25 मीटर. आता समजा, रेडिओचा आवाज कमी करण्यासाठी चालकाने दोनच सेकंद टचस्क्रीनकडे पाहिले. तेवढ्यात मोटार 50 मीटर पुढे गेली, आणि तीही चालकाचे रस्त्याकडे लक्ष नसताना!

एवढ्याशा कामासाठी पाहावे का लागते? घरी एक प्रयोग करा. डोळे मिटून पंख्याचा रेग्युलेटर दोन घरे मागे फिरवा. सहज जमेल. आता डोळे मिटूनच मोबाइलच्या पडद्यावर मित्राचा क्रमांक लावून पाहा. जमणार नाही. रेग्युलेटरला उंचवटा आहे, फिरताना तो 'टक्' करतो; बोटांना एवढी खूण पुरते. टचस्क्रीनची काच मात्र सगळीकडे सारखीच गुळगुळीत. बोट टेकताच तेथील विद्युत धारिता बदलते आणि बोट कोठे टेकले हे यंत्राला कळते. बोटाला मात्र काहीच कळत नाही! ती उणीव डोळ्यांना भरून काढावी लागते.

2022 साली स्वीडनमधील 'वी बीलेगारे' या नियतकालिकाने याची चाचणी घेतली. ताशी 110 किलोमीटर वेगाने मोटार चालवताना रेडिओ लावणे, तापमान बदलणे यांसारखी चार कामे करायची होती. बटणे असलेल्या 2005 सालच्या व्होल्व्होमध्ये ती 10 सेकंदांत, म्हणजे 306 मीटर अंतरात झाली. सर्वांत मागे पडलेल्या टचस्क्रीनवाल्या मोटारीत 44.9 सेकंद लागले; अंतर 1,372 मीटर!

मग रचना कशी असावी? पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली दाखवून दिले, की लक्ष्य जितके लहान व दूर, तितका हाताला तेथे पोहोचण्यास वेळ जास्त. म्हणून आवाजाचे बटण स्टिअरिंगवर किंवा हाताजवळ हवे. ते पडद्यावरच द्यायचे असेल, तर मोठे आणि नेहमी एकाच जागी असावे. ते शोधण्यासाठी चार पाने उलटावी लागू नयेत. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने 2013 साली मार्गदर्शक मर्यादाच सुचवली: एका वेळी नजर 2 सेकंदांहून अधिक हटू नये, आणि पूर्ण कामासाठी मिळून 12 सेकंदांहून अधिक नाही.

आता तुम्ही पुठ्ठ्यावर एक रेडिओ-फलक आखा. मित्राला समोर भिंतीकडे पाहत त्यावरील बटणे शोधायला सांगा. लागलेला वेळ मोजा, आणि ताशी 60 किलोमीटर वेगाने तेवढ्यात मोटार किती पुढे गेली असती, ते काढा. उत्तर पाहून फलक पुन्हा आखावासा वाटेल!