दोन तासांची मुदत

मुलाचें पहिलें रडणें ऐकूं आलें, कीं घरच्या मंडळींचा जीव भांड्यांत पडतो. वैद्यकाच्या दृष्टीनें मात्र धास्तीची वेळ तेव्हांच सुरू होते. वार सुटल्यावर गर्भाशय आवळून घट्ट झाला, म्हणजे त्याच्या स्नायूंच्या विळख्यांत रक्तवाहिन्या आपोआप दाबल्या जातात. तो सैल राहिला तर रक्त थांबत नाहीं, आणि बाळंतीण पुष्कळदां दोन तासांच्या आंत दगावते.

शहरांत दोन तास पुष्कळ झाले. अफगाणिस्तानच्या बदख्शान प्रांतांत राघ म्हणून एक दुर्गम डोंगरी तालुका आहे. २००२ सालच्या पाहणींत तेथें दर एक लक्ष जिवंत जन्मांमागें सुमारें ६५०० माता मृत्यू पावल्याचें आढळलें. त्याच पाहणींत काबूल शहराचा आकडा सुमारें ४०० होता. देश एकच, पण एकीकडे दवाखाना हाकेवर, दुसरीकडे बर्फानें बुजलेल्या वाटेपलीकडे.

अशा गांवीं डॉक्टर नेऊन बसविणें दुरापास्त; शिवाय परपुरुषाकडून स्त्रीची तपासणी होऊं देण्यास घरचे सहसा राजी नसत. म्हणून गांवाच्या संमतीनें तेथलीच मुलगी निवडावयाची, आरंभीं अठरा महिने, पुढें दोन वर्षें तिला सुईणीचें काम शिकवावयाचें व परत गांवीं धाडावयाचें, असा मार्ग काढण्यांत आला.

या विद्येंत नुसत्या पाठांतराला किंमत थोडी. हाताला वळण लागावें लागतें, तेंही घाबरलेल्या नातेवाइकांच्या गराड्यांत टिकणारें. मूल जन्मतांच गर्भाशय आवळणारें औषध टोंचावयाचें. पण तें थंड जागीं ठेवावें लागतें, म्हणून जेथें तशी सोय नाहीं तेथें गोळ्या द्यावयाच्या. पोटावरून गर्भाशय चोळावयाचा. तेवढ्यानें न भागल्यास एक मूठ आंतून व दुसरा हात पोटावरून असा दाब धरून राहावयाचें. कांहीं मिनिटांतच हाताला कळा लागतात, तरी सोडतां येत नाहीं. म्हणून पुतळ्यावर हें पुनःपुन्हा करवून घेतात. झटके येणाऱ्या गर्भिणीस मॅग्नेशियम सल्फेट, श्वास न घेणाऱ्या अर्भकास पहिल्या मिनिटांतच पिशवीनें वारा, हेंही त्यांतच आलें. सर्वांत अवघड म्हणजे आपल्या हातून आतां निभणार नाहीं, हें वेळींच ओळखून बाईला पुढें धाडणें.

२००२ साली देशांत शिकलेल्या सुईणी पांचशेंहूनही कमी होत्या. २०१० पर्यंत त्या दोन हजारांच्या वर गेल्या. पुढें २०२१ मध्यें तालिबान राजवट परत आली व सहावीनंतरच्या मुलींच्या शाळा मिटल्या. डिसेंबर २०२४ मध्यें सुईणींचे वर्गही त्यांना बंद झाले. आधीं शिकून गांवीं गेलेल्या सुईणींना काम करण्याची मुभा राहिली. त्यांच्यामागून येणाऱ्या तुकडीची वाट मात्र तेथेंच अडली.