दुधाच्या पावतीवर दोन आकडे का?

संकलन केंद्रावर दूध घातलं की शेतकऱ्याला मिळणाऱ्या पावतीवर फॅट आणि एसएनएफ असे दोन आकडे असतात. एकावर का भागत नाही, याचं उत्तर शाळेतल्या मिश्रणाच्या उदाहरणांत आहे.

टोन्ड दूध हे अशा मिश्रणाचं उत्तम उदाहरण. १९४० च्या दशकात मुंबईत दुग्धव्यवसायातल्या दारा खुरोडींनी ही पद्धत रुजवली. म्हशीच्या दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळायचं, म्हणजे दूध स्वस्त होतं आणि जास्त घरांना पुरतं. त्यात फॅट ३ टक्के आणि एसएनएफ, म्हणजे फॅट वगळून उरणारे घनपदार्थ, ८.५ टक्के लागतात.

आपल्याला १००० किलो टोन्ड दूध करायचंय. म्हशीच्या दुधात फॅट ६ आणि एसएनएफ ९ टक्के धरू. भुकटीत फॅट जवळजवळ शून्य, एसएनएफ ९५ टक्के. दूध म, भुकटी भ, पाणी प किलो.

म + भ + प = १०००
०.०६म = ३०
०.०९म + ०.९५भ = ८५

दुसऱ्या ओळीतून म = ५००. तिसरीत ४५ किलो एसएनएफ दुधातूनच आलं, उरलेल्या ४० किलोंसाठी भुकटी सुमारे ४२.१ किलो. पाणी ४५७.९ किलो. दूध दुप्पट झालं!

किलो मुद्दाम घेतले. मिसळताना वस्तुमान घटत नाही, घनफळाची तशी हमी नाही: ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी मिळून १०० मिली भरत नाही. पाठ्यपुस्तकांनी लिटरची सवय सोडावी, असं मला मनापासून वाटतं.

आता तिसरी ओळ पुसा. ५०० किलो दुधात ५०० किलो निव्वळ पाणी ओतलं तरी फॅट बरोबर ३ टक्केच भरते, एसएनएफ मात्र ४.५ वर येतं. तीन अज्ञातांना दोनच समीकरणं असली की भेसळीला मोकळं रान मिळतं.

नुसत्या लॅक्टोमीटरचंही तेच. तो फक्त घनता दाखवतो. साय काढली की घनता वाढते, पाणी घातलं की कमी होते. दोन्ही बेताने केलं तर आकडा जागच्या जागी. पण या दोन्ही करामतींनी फॅट घटतेच, म्हणून फॅट मोजणाऱ्या गर्बर चाचणीत ही चोरी लगेच सापडते.