खडबडीत चांदीची पन्नास वर्षं

कोलकात्यात 28 फेब्रुवारी 1928 रोजी चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांना जो परिणाम गवसला, तो फार क्षीण होता. रेणूंमुळे विखुरणाऱ्या प्रकाशकणांपैकी जेमतेम कोटीत एखादा रंग बदलून येतो. रेणूची ओळख त्या एकातच असते.

1974 मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन, पॅट्रिक हेंड्रा आणि जेम्स मॅक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड क्षाराच्या द्रावणात बुडवून विजेचा दाब वरखाली केला. चांदी विरघळते, पुन्हा बसते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. त्यावर चिकटलेल्या पिरिडीनच्या रेणूंचा रामन संकेत ठसठशीत उमटला. पृष्ठभाग वाढला म्हणून रेणूही जास्त मावले, असं त्यांना वाटलं. निरीक्षण पक्कं होतं, कारण मात्र वेगळंच निघालं.

ते उलगडलं 1977 मध्ये. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे डेव्हिड जीनमेअर आणि रिचर्ड व्हॅन डाइन, तर इंग्लंडमध्ये केंट विद्यापीठाचे अल्ब्रेख्त आणि क्रेटन यांनी स्वतंत्रपणे हिशेब मांडला: संकेत लाखो पटींनी वाढला होता, पृष्ठभाग काही तेवढा वाढत नाही! साऱ्या प्रवासातलं हे सर्वांत मोलाचं पाऊल. चांदीतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर डोलतात आणि खाचाखोचांत विद्युतक्षेत्र एकवटतं, हे पुढे स्पष्ट होत गेलं. तिथलं क्षेत्र दहापट झालं, तर संकेत साधारण दहा हजारपट होतो.

1997 मध्ये तर एकट्या रेणूचा संकेत टिपल्याचे दावे दोन गटांनी केले. पण चांदीचे मोजकेच कण असे ‘तापलेले’, म्हणजे संकेत इतका वाढवणारे, निघत, आणि ते कुठले असतील हे आधी सांगता येत नसे.

चित्रकलेला मात्र खडबडीत चांदीच्या या तंत्राचा मोठाच उपयोग झाला. शिकागोत रेन्वारचं 1883 सालचं ‘मादाम लेआँ क्लापिसाँ’ हे चित्र आहे. त्याची पार्श्वभूमी फिकी पडली होती, पण चौकटीखाली उजेड न पोचलेल्या कडेला लाल रंग तजेलदार राहिला होता. असे रंग स्वतःच चमकतात आणि साध्या रामन मोजणीत संकेत बुडवून टाकतात. चांदी ती चमक दाबते. त्या कडेच्या कणभर नमुन्यातून कोचिनील किड्यापासून काढलेला कार्माइन ओळखता आला, आणि मूळ रंगछटा संगणकावर पुन्हा उभी करता आली.

ओळख पटवणं साधलं, ‘किती आहे’ हे सांगणं अवघडच राहिलं. एकाच पद्धतीने बनवलेली चांदीही दर वेळी थोडी वेगळी निघते. म्हणूनच 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात 15 प्रयोगशाळांनी ठरलेल्या पद्धतींनी अ‍ॅडेनिनचं प्रमाण मोजलं. सगळ्यांचे आकडे एकमेकांशी कितपत जुळतात, हेच त्यात तपासायचं होतं.