आंबा-फणस आणि आरमार

मराठी आरमारावर लिहायला बसलं की लेखणी आपोआप लढायांकडे वळते. १६७९ चा खांदेरीचा झगडा आहेही तसाच. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्यांना किल्ला बांधायला धाडलं, तेव्हा इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघंही आडवे आले. १८ ऑक्टोबरला महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान याच्या गलबतांनी इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब पकडली. 'रिव्हेंज' या इंग्रज जहाजाच्या तोफांपुढे मात्र मराठ्यांना नागोठण्याच्या खाडीकडे वळावं लागलं. तरीही किल्ल्याचं बांधकाम थांबलं नाही.

हे जमलं त्यात जहाजांच्या बांधणीचा वाटा मोठा होता. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, उथळ बुडाचं लढाऊ जहाज. नाळ लांब पुढे आलेली आणि मोठ्या तोफा तिच्यावरून थेट समोर रोखलेल्या. गलबत त्याहून लहान, शीड आणि वल्ही दोन्हींवर चालणारं. वारा पडला की युरोपियन जहाज जागच्या जागी खिळायचं; तेव्हा गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीला आणायची, जिथे शत्रूच्या तोफा सर्वांत कमी. आधी शिडं-दोर फाडायचे, मग तलवारी घेऊन वर चढायचं.

पण मला या आरमाराची खरी ओळख पटते ती रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या 'आज्ञापत्र' या राज्यकारभारावरच्या ग्रंथात. पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा एक सुभा करावा, इथपासून त्यात सारं आलं आहे. आरमाराचा पगार मुलखाच्या वसुलातून द्यावा, समुद्रावरच्या मिळकतीवर सोडू नये. नाहीतर लोक सावकारांना नाडतील आणि बंदरं ओस पडतील. पावसाळ्याची छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये. कारण अगदी व्यवहारी: खलाशी कितीही धाकात ठेवले तरी गावाला थोडाफार उपद्रव होणारच, तो एकाच गावाने दरसाल का सोसावा? लाकडाबद्दलची आज्ञा तर थक्क करते. सागासारखी झाडं परवानगीने तोडावीत. आंबा-फणस आरमाराच्या कामाचे असले तरी त्यांना हात लावू नये, ती रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलंच असेल, तर धन्याला राजी करून, पैसे मोजून घ्यावं. लढाऊ जहाजाच्या फळीचा हिशेब करताना कोकणातल्या परसाचाही विचार करणारी राजवट अशी कितीशी सापडेल?

मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांनी या पायावर इमारत चढवली. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, ते हात हलवत परतले. कान्होजी १७२९ मध्ये गेले. पुढे त्यांचा मुलगा तुळाजी आणि पेशवे यांचं इतकं बिनसलं की नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांनाच सोबत घेतलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह तुळाजीच्या विजयदुर्गावर चालून आले. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आसऱ्याने बंदरात एकत्र बांधून ठेवलेली होती. इंग्रजांकडूनच पूर्वी जिंकलेल्या 'रिस्टोरेशन'वर तोफगोळा पडला आणि तिच्यावरची आग एकातून दुसऱ्यात पसरत गेली.

तुळाजीला आवरणं पेशव्यांना गरजेचं वाटलं असेल, पण त्यासाठी आरमार जळू देणं ही घोडचूक होती. इंग्रजांनी किल्लासुद्धा लगेच सोडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाणकोट त्यांच्या पदरात टाकल्यावरच विजयदुर्ग पेशव्यांच्या हाती आला.