उचल की शैक्षणिक कर्ज? बारडोलीच्या ऊसतोड कुटुंबांपुढील हिशेब

बारडोलीचे नाव घेताच १९२८ चा सत्याग्रह आठवतो. त्या लढ्याच्या मुळाशी एक हिशेबच होता. शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवावा इतके शेतकऱ्याचे उत्पन्न खरोखर वाढले आहे काय, असा तो प्रश्न होता. ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांच्या चौकशीनंतर ही वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. त्याच परिसरात दुसरा एक हिशेब मात्र दीर्घकाळ कोणी तपासला नव्हता. लग्नासाठी जमीनमालकाकडून घेतलेल्या रकमेपोटी हळपती समाजातील शेतमजूर आयुष्यभर 'हाळी' म्हणून राबत असे. घेतलेली रक्कम लहान असे. फेडीची मुदत मात्र कोठेही लिहिलेली नसे.

पुढे काकरापार व उकाईच्या कालव्यांनी या भागात ऊस आणला आणि बारडोलीचा सहकारी साखर कारखाना देशातील मोठ्या कारखान्यांमध्ये गणला जाऊ लागला. हा ऊस तोडण्यासाठी डांगमधून व खानदेशातून मजूर येऊ लागले. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून या स्थलांतराविषयी विस्ताराने लिहिले आहे. नंदुरबार, नवापूर, साक्री या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर घर सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत सुरत जिल्ह्यातील पडावांवर राहतात. निघण्यापूर्वी, बहुधा पावसाळ्याच्या अडचणीच्या दिवसांत, मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते. हंगामभर खावटी मिळते आणि अखेरीस उचल, खावटी व व्याज वजा करून उरेल ते हाती येते. व्यवहार सवाई-दिढीचा असल्यास ३०,००० रुपयांच्या उचलीपोटी ४५,००० रुपयांची तोड करावी लागते.

अशा कुटुंबातील मुलगा दहावी उत्तीर्ण होतो तेव्हा त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पाठवावे काय, तंत्रनिकेतनात पाठवावे काय, की कोयत्यावर घ्यावे, हा प्रश्न उभा राहतो. शिक्षणासाठी कर्ज काढावे लागेल, या धास्तीने पुष्कळ पालक तिसरा मार्ग पत्करतात. कर्जाची ही भीती अनाठायी नाही; ती अनुभवातून आलेली आहे. परंतु सर्व कर्जे एकाच मापाने मोजता येत नाहीत. उचल अंगमेहनतीने फेडावयाची असते आणि पुढील पावसाळ्यात ती पुन्हा घ्यावी लागते. बँकेच्या कर्जाला व्याजाचा लिखित दर असतो आणि शेवटचा हप्ता असतो. माणसाला कर्जापोटी कामास जखडून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमानुसार गुन्हा आहे, हेही येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

आता आकडे मांडून पाहू. ते उदाहरणादाखल घेतलेले असून प्रत्येक कुटुंबाने त्यांत आपले आकडे घालून पाहावयाचे आहेत. जोडारी अथवा वीजतंत्रीच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी राहणे, जेवण, हत्यारे व प्रवास यांकरिता दर वर्षी २०,००० रुपये कर्ज घेतले आणि व्याज १० टक्के धरले, तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सरळ व्याजासह ४६,००० रुपये देणे होते. ते तीन वर्षांत फेडावयाचे झाल्यास मासिक हप्ता सुमारे १,४८४ रुपये येतो. शिकाऊ उमेदवारीच्या नियमांत २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेने औद्योगिक प्रशिक्षण उत्तीर्ण उमेदवारास दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिले. म्हणजे पूर्ण पगाराची नोकरी मिळण्यापूर्वीच, केवळ उमेदवारीच्या काळात, हप्त्यासाठी विद्यावेतनाचा सुमारे पाचवा हिस्सा लागेल. सुरतेत खोलीचे भाडे व खानावळ भागवून तेवढी रक्कम बाजूला काढणे ओढाताणीचे आहे, पण अशक्य नाही.

तथापि, या हिशेबात सर्वांत मोठा खर्च अद्याप आलेलाच नाही. तो म्हणजे बुडणारी मजुरी. गुजरात शासनाने २०२३ मध्ये ऊसतोडीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. एका कोयत्याने, म्हणजे दोन माणसांनी मिळून, दिवसाला एक टन तोडला आणि हंगाम १५० दिवस चालला असे धरले, तर कोयत्याची मजुरी ७१,४०० रुपये होते. त्यातील मुलाचा वाटा ३५,७०० रुपये. दोन हंगाम तो नसला तर कुटुंबाचे ७१,४०० रुपये बुडतात. बँकेचे देणे ४६,००० आणि न मिळालेली मजुरी ७१,४००! शिक्षण महाग पडते ते बहुधा शुल्कामुळे नव्हे, तर या दुसऱ्या रकमेमुळे; आणि ही रक्कम कोणत्याही कर्जाच्या अर्जात लिहिली जात नाही.

यातूनच एक अनिष्ट गोष्ट घडू शकते. उचल कोयत्यावर मिळते आणि कोयता दोघांचा असतो. मुलगा संस्थेत गेला की दुसरा हात कोणाचा, असा प्रश्न मुकादम विचारतो. अशा वेळी धाकट्या बहिणीची शाळा सुटली, तर भावाच्या प्रमाणपत्राची किंमत तिने मोजली असे होईल. म्हणून मुलास प्रवेश घेण्यापूर्वीच त्या वर्षीची उचल कमी घेण्याचे ठरविणे आणि लहान भावंडांची सोय गावच्या हंगामी वसतिगृहात अथवा आश्रमशाळेत करणे, हा या हिशेबाचाच भाग मानला पाहिजे.

तीन वर्षांच्या पदविकेचे गणित निराळे आहे. दर वर्षी ५०,००० रुपये कर्ज घेतल्यास शिक्षणाची तीन वर्षे व सवलतीचे आणखी एक वर्ष संपताना दीड लाखाचे १,९५,००० रुपये होतात. सात वर्षांच्या फेडीत मासिक हप्ता सुमारे ३,२४० रुपये पडतो आणि एकूण सुमारे २ लाख ७२ हजार रुपये भरावे लागतात. पदविकाधारक उमेदवाराचे किमान विद्यावेतन त्याच २०१९ च्या नियमांनी ८,००० रुपये ठरविले होते. हप्ता त्याच्या दोन पंचमांश होतो. पदविकेने पर्यवेक्षकाच्या जागेपर्यंतची वाट मोकळी होते हे खरे. परंतु ज्या घरात पाठबळ नाही, त्या घराने प्रथमच इतके ओझे उचलावे असे सुचविणे धाडसाचे ठरेल. त्याहून सोयीचा मार्ग उपलब्ध आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशासाठी अर्ज करता येतो. आधी कमावते व्हावे, थोडी शिल्लक टाकावी आणि मग पुढे शिकावे, हे त्यामुळे शक्य होते. सांधारीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम घेतल्यास बुडणारा हंगामही एकच.

कर्ज अपरिहार्य असल्यास कौशल्य कर्ज योजनेचा विचार करता येतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेची कमाल मर्यादा दीड लाख रुपये होती. २०२४ मध्ये ती साडेसात लाखांवर नेण्यात आली. मर्यादा वाढली म्हणून गरज वाढत नाही, एवढे अर्जदाराने स्वतःस बजावावे. खरे संकट मोठ्या हप्त्याचे नसून अर्धवट शिक्षणाचे आहे. एका वर्षानंतर संस्था सोडून पडावावर परतलेल्या मुलाजवळ कर्ज असते आणि प्रमाणपत्र नसते. उचल व हप्ता अशी दोन्ही देणी मग एकाच कोयत्यावर येतात.

कर्जाची रक्कम कमी करण्याचे मार्ग आधी संपविणे हेच म्हणून इष्ट. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. नंदुरबार येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था व शासकीय तंत्रनिकेतन दोन्ही आहेत. महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. वरील सर्व हिशेब मुलीच्या बाबतीतही तसाच करावयाचा आहे. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या मूळ राज्याकडून मिळते. त्यामुळे हंगाम बारडोलीत गेला तरी कागदपत्रे गावच्याच तहसील कार्यालयातून काढावी लागतात.

येथे वेळेची अडचण येते. दाखल्यांची धावपळ सुरू व्हावयाची तेव्हा अनेक कुटुंबे पडावावरून नुकतीच परतलेली असतात आणि काही तर परतलेलीही नसतात. जातीचा व अधिवासाचा दाखला दिवाळीनंतर बारडोलीस निघण्यापूर्वीच काढून ठेवता येतो. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षानुसार लागत असल्याने तो एप्रिलनंतर घ्यावा लागतो. त्यासाठी कुटुंबातील एकाने सुरत-भुसावळ मार्गावरील गाडीने एक-दोन दिवसांकरिता नवापूर अथवा नंदुरबारला येऊन जावे. त्या दोन दिवसांची तोड बुडेल. वरील हिशेबाप्रमाणे ती ९५२ रुपयांची आहे.